मारेगावहून परतताना: ऊन, वीज आणि झाडाखालची बाई

लोक पाऊस बघायला आंबोलीला जातात, थंडी बघायला महाबळेश्वरला. मे महिन्यात मी ऊन बघायला यवतमाळला जाते म्हटल्यावर घरचे सगळे माझ्याकडेच बघायला लागले.

माझं कोल्हापुरात औषधांचं दुकान आहे. वर्षातून एकदा आठ दिवस शटर ओढायचं, कुठेतरी जायचं आणि आल्यावर इथे लिहायचं, हा माझा जुना नाद. थोरली बहीण सुमनताई लग्न होऊन यवतमाळला गेली त्याला तीस वर्षं झाली, पण मी तिच्याकडे कायम दिवाळीतच गेले. उन्हाळ्यात ती येऊच द्यायची नाही. "नीलू, तुला नाही झेपायचं ते," एवढंच म्हणायची. यंदा मी तिला न विचारता तिकीट काढलं.

कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी रेल्वे दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या पुढे धामणगावला सोडते. तिथून एसटीनं यवतमाळ तासा-सव्वा तासावर, बायकांना अर्धं तिकीट. सोयीचा प्रवास आहे. फक्त उतरण्याची वेळ चुकीची. फलाटावर पाय ठेवला आणि चुलीपुढे भाकरी काढायला वाकल्यावर तोंडाला लागते तशी झळ लागली, तीही सगळ्या बाजूंनी.

यवतमाळला पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. दिवाळीत ज्या रस्त्यावर स्कूटी आणि ऑटोंच्या गर्दीत पलीकडे जायला जमत नाही, तिथे एक माणूस नव्हता. दुकानं अर्धी ओढलेली. सगळ्या घरांची दारं बंद, खिडक्यांना ओले पडदे, आणि त्या बंद दारांमागून कूलरची घरघर. अख्खी गल्ली घरघरत होती आणि दिसत कुणीच नव्हतं. ऑटोवाल्यानं तोंडाला पांढरा दुपट्टा असा गुंडाळला होता की त्याचं वय मला शेवटपर्यंत कळलं नाही.

ताईनं आधी पन्हं दिलं, मग शिव्या. दाजी, म्हणजे ताईचे मिस्टर, कूलरच्या टाकीत पाणी ओतता ओतता हसत होते. दाजी भूमी अभिलेख खात्यात मोजणीला होते. सगळा जिल्हा त्यांनी पायी मोजलाय. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तिकडे बहिणीच्या नवऱ्याला भाऊजी म्हणतात, त्यामुळे माझं कोल्हापुरी 'दाजी' ऐकून शेजारी अजून हसतात.

"एक ध्यानात ठेव," दाजी म्हणाले, "बारा ते चार ही आमची मध्यरात्र हाय. त्या टायमाले रस्त्यावर कोणी दिसलं, तर एक त त्याले लय महत्त्वाचं काम हाय, नाही त तो माणूस नाही."

"अहो, काहीही काय सांगता तिला!" ताई म्हणाली. पण ती हसली नाही.

दुसरा दिवस छान गेला. पहाटे पाचला निघून कळंबला चिंतामणीचं दर्शन, येताना तर्री टाकलेले पोहे, साडेनऊला घरात. इथे फिरायचं ते असंच: पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर. मधला वेळ झोपायचं, नाहीतर ताईच्या हातचा गोळाभात खाऊन मग झोपायचं.

त्या संध्याकाळी आम्ही मोबाईलवर हवामानाचा अंदाज बघितला. तिसऱ्या दिवशी मारेगावजवळ वासुदेवरावांच्या शेतावर जायचं ठरलं होतं. वासुदेवराव दाजींचे जुने सहकारी. त्यांच्याकडे आंब्याची चाळीस झाडं आहेत आणि मी आंब्यासाठी कुठेही जाते. अंदाजात एकाच जिल्ह्यापुढे, एकाच दिवशी, दोन इशारे होते. दुपारी उष्णतेची लाट. संध्याकाळी विजांच्या कडकडाटासह पाऊस, वादळी वारा, तुरळक ठिकाणी गारपीट.

"हे दोन्ही एका दिवशी कसं?" मी विचारलं.

"त्याच्यानंच हे होते," दाजी म्हणाले. "दिवसभर तापते अन् संध्याकाळी फुटते." मग जरा थांबून म्हणाले, "आपण चारच्या आत घरी येऊ. ऊन दिसते तरी. वीज दिसते तवा टाइम नसते."

दाजी विजेला घाबरतात हे मला माहीत होतं. ताईनं एकदा सांगितलं होतं. नोकरीच्या सुरुवातीला मोजणी चालू असताना त्यांच्यापासून तीस पावलांवर लोखंडी सळई धरून उभा असलेला शिपाई गेला. ढग डोक्यावर सुद्धा नव्हते, लांब होते. तेव्हापासून दाजी आभाळ गडगडलं की घरातले प्लग काढून खाटेवर पाय वर घेऊन बसतात. त्यांना त्यावरून कुणी चिडवत नाही.

तर तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं निघालो. ताईचा उपास होता, ती आली नाही. यवतमाळहून जोडमोहा, मग करंजी आणि पुढे मारेगाव, असा नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. करंजीला हमरस्ता ओलांडावा लागतो. रस्ता चांगला आहे. सागवानाची पानगळ झालेली असते, त्यामुळे जंगल आरपार दिसतं. वासुदेवरावांकडे आंबे खाल्ले, वांग्याचं भरीत-भाकरी खाल्ली आणि एक वाजता त्यांच्या नको नको म्हणण्याला न जुमानता परत निघालो. वासुदेवरावांच्या घरच्या वहिनींनी ऊन लागू नये म्हणून माझ्या ओढणीच्या टोकाला कांदा बांधून दिला. दाजींच्या गाडीचा एसी नावाला आहे. आम्ही मागच्या खिडक्यांना ओले टॉवेल लावले होते. ते वीस मिनिटांत पापडासारखे वाळले.

आता त्या रस्त्याबद्दल. दोन्हीकडे नांगरून ठेवलेली काळी वावरं. कपाशीची पऱ्हाटी केव्हाच उपटलेली, सोयाबीनला अजून महिना. कुठे हिरवं पान नाही, गुरं नाहीत, आवाज नाही. डांबर इतकं पातळ झालं होतं की टायर चटचट वाजत होते. पुढे रस्त्यावर पाणी साचल्यासारखं दिसायचं, जवळ गेलं की नाहीसं व्हायचं आणि परत पुढे दिसायचं. त्या पाण्यात मला एक माणूस उभा दिसला. मला वाटलं, तोही जवळ गेल्यावर जाईल.

तो गेला नाही.

सत्तरीचे एक आजोबा होते. धोतर, सदरा, डोक्यावर काही नाही. रस्त्याच्या मधोमध, आमच्याकडे पाठ करून, सावकाश चालले होते. दाजींनी हॉर्न वाजवला. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. आम्ही बाजूनं पुढे गेलो तेव्हा मी त्यांचा चेहरा पाहिला. ते हसत होते, आणि शेजारी कुणी असल्यासारखं बोलत होते.

"प्यायलेला दिसते," दाजी म्हणाले, पण गाडी हळू केली.

मी खाली उतरले. जवळ गेले तर दारूचा वास नव्हता. मी त्यांचा हात धरला आणि दचकून सोडला. हात तव्यासारखा तापलेला आणि कोरडा. एक थेंब घाम नाही. एवढ्या उन्हात ज्याला घाम येत नाही तो माणूस मरायला लागलेला असतो, हे मी दुकानात कितीतरी लोकांना सांगितलंय. प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघत होते.

"बाबा, कुठे निघालात?"

"मोटार आली का?" ते म्हणाले. मग गाडीकडे बघून, "तिले घ्या ना पयले. ती बसली हाय."

"कुणाला?"

त्यांनी आपल्या शेजारी, मोकळ्या जागेकडे पाहिलं. "तिले."

दाजींनी आणि मी त्यांना उचलूनच मागच्या सीटवर घातलं. त्यांच्या हातात एक कापडी पिशवी होती, ती ते सोडेनात. मी त्यांच्यापाशी बसले, बाटलीतलं पाणी ओढणीवर ओतून त्यांच्या मानेवर, काखेत, छातीवर ठेवायला लागले. तोंडात पाणी घालायचं नाही, हे लक्षात ठेवा. शुद्ध हरपत असलेल्या माणसाला पाजलं तर ते श्वासात जातं. दाजी गाडी पळवत होते. आजोबा माझ्या पलीकडे, खिडकीच्या बाजूला बघत होते. तिथे एक हात जागा रिकामी होती.

"बसली का नीट?" त्यांनी तिकडे विचारलं. मग माझ्याकडे वळून अगदी शहाण्या माणसासारखं म्हणाले, "बाई, जराशी सरकता का? तिचे पाय पोळले."

मी सरकले. का सरकले ते मला आजही सांगता येत नाही. सरकले, आणि दाजींनी आरशातून ते पाहिलं.

दहा-बारा किलोमीटरवर एका गावात प्राथमिक आरोग्य केंद्र होतं. तिथल्या सिस्टर चटपटीत. त्यांनी बघताक्षणी आजोबांचे कपडे काढले, ओली चादर टाकली, सलाईन लावलं, मोठ्या दवाखान्यात न्यायला अॅम्ब्युलन्स बोलावली आणि मला म्हणाल्या, "ताई, समोरच्या रसवंतीतून बर्फ आणा. मागू नका, उचलून आणा." रसवंतीवाला दार लावून झोपला होता. मी खरंच उचलून आणला.

सदऱ्याच्या खिशात एका कागदावर मोबाईल नंबर लिहिलेला होता. दाजींनी फोन लावला. आजोबांच्या मुलाचा होता, प्रफुल नावाचा. तो वणीला नोकरीला. आजोबांचं नाव अंबादास. गाव आम्हाला ते दिसले तिथून मागे, फाट्यावरून तीन किलोमीटर आत. दाजींनी फोन स्पीकरवर ठेवला होता.

"बाबा तिकडे कायले गेले?" प्रफुल घाबरून म्हणाला. "ते त आत्याकडे गेलते. उद्या येणार होते. मी निघतोच. अन् शुद्धीवर हाय का?"

"बोलून राह्यले," दाजी म्हणाले. "तिले घ्या, तिले घ्या म्हणते सारखे. कोणी होतं का संगं?"



"माय असन," प्रफुल म्हणाला. "मायले जाऊन सात वर्षं झाली. बाबा घरीबी कधी कधी तिच्याशी बोलते. तुम्ही काही मनावर घेऊ नका, काका."

दाजींनी फोन ठेवला. सिस्टर म्हणाल्या, "ताप मेंदूत चढला की असंच बोलतात." सगळ्यांचं समाधान झालं. माझंही झालं, थोडा वेळ. मग मला वाटलं, पिशवी मुलासाठी सांभाळून ठेवावी, म्हणून ती उघडली. आत अर्धा पेरू, चष्म्याचं घर, आणि बायकी चपलांचा जोड. लहान मापाच्या, जांभळ्या पट्ट्याच्या. एका चपलेचा अंगठा तुटलेला.

सात वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोच्या चपला माणूस बरोबर घेऊन फिरू शकतो. जीव लावणारी माणसं असतात अशी. मी चपला परत ठेवायला लागले तर बोट चिकटलं. तळाला डांबर लागलं होतं. मऊ होतं. वास येत होता. त्यात बारीक खडी रुतलेली.

"दाजी," मी म्हटलं, "ही चप्पल आजच्या रस्त्यावर चाललीय."

दाजींनी चप्पल हातात घेतली, उलटी केली, अंगठ्यानं डांबर दाबलं. त्यांनी पुन्हा फोन लावला.

"प्रफुल, तुझी आत्या केवढी हाय?"

"पासष्ट-सत्तर. काहून?"

"तिच्या घरी फोन लाव. ती घरी हाय का, पाह्य."

पाच मिनिटांनी प्रफुलचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "काका, तिची सून म्हणते, दोघं सकाळीच एसटीनं निघाले. बाबा तिले संगं घेऊन आले. ती कुठं हाय, काका?"

तीन वाजायला आले होते. मी दारात गेले तर ऊन गेलेलं. म्हणजे उजेड होता, पण पिवळा, हळदीच्या पाण्यातून बघावं तसा. उत्तरेकडे जमिनीपासून वरपर्यंत एक निळी-काळी भिंत उभी राहिली होती. वारा नव्हता. दोघांच्याही मोबाईलवर एकदमच विजेच्या इशाऱ्याचा संदेश वाजला. सिस्टर म्हणाल्या, "अंदाजात तर संध्याकाळ होती." लवकर आलं होतं.

दाजी माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्या भिंतीत एक वीज आडवी गेली, आवाज न करता. त्यांचा हात दाराच्या चौकटीवर होता.

"प्रफुल वणीहून येईपर्यंत तास जाईन," ते म्हणाले. "गावातलं कोणी मोटारसायकलवर जाईन त उघड्यावर." एवढं बोलून किल्ली काढली आणि गाडीकडे चालायला लागले.

जाताना मी तुटलेल्या चपलेला माझ्या बांगडीतली पिन लावली. हाताला काहीतरी काम हवं होतं. दाजी एवढंच म्हणाले, "मी सांगतो तवा गाडीत यायचं. त्याच्यावर एक मिनिट नाही."

फाट्यावर एक टपरी होती, बंद. तिथून आत वळलो. अरुंद रस्ता, दोन्हीकडे वावरं. झाडं मोजकीच. पहिलं निंबाचं, खाली कुणी नाही. दुसरं बाभळीचं. मग दीड-दोन किलोमीटरवर, रस्त्यापासून शंभर पावलं आत, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एकटं मोहाचं मोठं झाड. त्याच्या बुंध्याला टेकून एक बाई बसलेली. हिरवं लुगडं, शेजारी गाठोडं.

"आत्या!" मी खिडकीतून ओरडले. "गिरजाआत्या!" नाव प्रफुलनं सांगितलं होतं.

तिनं आमच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. आणि तोंड फिरवून घेतलं.

मी उतरून पळत गेले. ढेकळांतून पळता येत नाही. हवा अशी थांबली होती की माझा श्वास मलाच ऐकू येत होता. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. गोरीपान, वाळलेली म्हातारी. ओठ फुटलेले. तिचे उघडे तळपाय माझ्याकडे होते, आणि त्यांवर रुपयाएवढे फोड होते.

"आत्या, चला. अंबादासबाबांनी पाठवलंय. गाडी आणलीय."

ती माझ्यातून पलीकडे बघावं तशी बघत होती.

"आत्या, वीज येतेय, उठा!"

"मी येत नाही," ती म्हणाली. माझ्याशी नाही, स्वतःशीच. "दोनदा आली मी. भाऊ रोडवर उभा राह्यते, हात करते, ये म्हणते. मी पोळत पोळत जातो अन् कोणीच नसते. आता मोटार दाखवून राह्यले. मी उठत नाही."

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. भीतीनं, असं मला वाटलं. मग दंडावरचे राहिले. मग ओढणीचं टोक, ज्याला कांदा बांधलेला नव्हता ते, वारा नसताना माझ्या हाताला चिकटलं. रस्त्यावरून दाजी ओरडले. त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "नीलू! झाडाखालून निघ! आत्ताच्या आत्ता निघ!"

मी खाली बसले. तिचा पाय मांडीवर घेतला आणि चप्पल चढवली. फोडाला पट्टा लागला तशी ती कळवळली. मग दुसरी. तिनं वाकून चपलेकडे पाहिलं. जांभळ्या पट्ट्यावरच्या पिनेला बोट लावलं.

"हे तुटलं होतं," ती म्हणाली.

"हो. मी लावली पिन."

तिनं माझं मनगट धरलं. दाबून बघितलं. "तुमी खरंच हाय," ती म्हणाली.

गाठोडं तिथेच टाकलं. मी तिला जवळजवळ ओढत नेलं. रस्ता पन्नास पावलांवर आला तेव्हा पहिला वारा आला आणि सगळ्या वावरांची धूळ एकदम उठली. त्या धुळीत, रस्त्यावर, आमच्या गाडीच्या बऱ्याच पुढे, कुणीतरी उभं होतं. धोतर, सदरा. हात वर केलेला. मी थबकले. दाजी तर गाडीत होते, आणि अंबादासबाबा दवाखान्यात.

"तिकडे पाहू नोको," गिरजाआत्या माझ्या कानाशी म्हणाली. "चाल."

मी पाहिलं नाही. गाडीचं दार उघडलं, तिला आत ढकललं, स्वतः पडले, दार ओढलं. दाजींनी गाडी मागे घ्यायला सुरुवात केली आणि सगळं पांढरं झालं. आवाज आणि उजेड वेगवेगळे नव्हतेच. मग गारा. लिंबाएवढ्या. काचेपलीकडे काही दिसेना. दाजींनी गाडी रस्त्यावरच थांबवली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "कशालेच हात लावू नका. लोखंडाले त नाहीच. गाडीत काही होत नाही." ते हे पुन्हा पुन्हा म्हणत होते. पंधरा मिनिटं आम्ही तिघं तसेच बसलो. गिरजाआत्यानं माझं मनगट सोडलं नाही.

पाऊस उतरल्यावर रस्ता मोकळा होता. पुढे कुणीही नव्हतं.

घडलं होतं ते असं. बहिणीला एक दिवस आधीच घरी न्यावं म्हणून अंबादासबाबा तिला घेऊन निघाले. फाट्यावर उतरून तीन किलोमीटर चालायचं. अर्ध्या वाटेत तिच्या चपलेचा अंगठा तुटला, जमिनीवर पाय ठेववेना. त्यांनी तिला झाडाखाली बसवलं, डोक्याचा दुपट्टा तिला दिला, आणि चपला शिवून अन् एखादं वाहन घेऊन येतो म्हणून फाट्याकडे परत निघाले. टपरी बंद होती. पुढे ते कुठे निघाले होते हे त्यांनाही माहीत नव्हतं.

अंबादासबाबांना यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. माझी परतीची गाडी दोन दिवसांनी होती. निघायच्या आधी ताई आणि मी त्यांना भेटायला गेलो. ताईनं डब्यात मुगाची खिचडी नेली होती. ते वाचले. मूत्रपिंडाला त्रास झाला होता, पण डॉक्टर म्हणाले, सुधारेल. त्यांना त्या दुपारचं काहीही आठवत नव्हतं. माझ्याकडे बघून अदबीनं विचारलं, "या कोण पाहुण्या?" पायाला पट्ट्या बांधलेली गिरजाआत्या शेजारच्या खुर्चीवर होती. ती म्हणाली, "कोल्हापूरच्या हाय. चप्पल सुधरवते." आणि पहिल्यांदाच हसली.

प्रफुल दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं आणायला त्या धुऱ्यावर गेला होता. मोहाच्या झाडाला काही झालं नव्हतं, पानसुद्धा करपलेलं नव्हतं. गाठोडंही जागेवर. फक्त झाडाखाली आठ-दहा होले पक्षी मरून पडले होते, गोल, बुंध्याच्या भोवती.

मी आत्याला हळूच विचारलं, "शेवटी रस्त्यावर दिसलं ते काय होतं?"

"बावटळ असन," ती म्हणाली. धुळीचा भोवरा. मग माझ्या डोळ्यांत बघून, "तुलेबी हात केला का?"

मी ताईकडे वळून खिचडीबद्दल काहीतरी बोलले.

कोल्हापूरला परतले तेव्हा इकडे वळवाच्या सरी सुरू झाल्या होत्या आणि लोक छत्र्या काढत होते. मैत्रिणी विचारतात, यवतमाळला जावं का? जावं. आंबे, गोळाभात आणि माणसं यांच्यासाठी जावं. हिवाळ्यात गेलात तर उत्तम. उन्हाळ्यात गेलात तर अंदाज सकाळ-संध्याकाळ बघा आणि त्यातली वेळ दोन तास अलीकडेच धरा. बरोबर मीठ-साखरेच्या पुड्या, दोन मोठ्या बाटल्या आणि दुपट्टा ठेवा. आभाळ निळं-काळं झालं की एकट्या झाडाखाली थांबू नका. आणि उन्हात भ्रमिष्टासारखं बोलणाऱ्या माणसाला आधी गार करा, पण तो काय बोलतोय तेही ऐका.

दाजी अजूनही गडगडलं की खाटेवर पाय घेऊन बसतात, असं ताई फोनवर सांगते. त्या दिवसाबद्दल ते आणि मी पुन्हा बोललो नाही. मी सरकून जागा दिली तेव्हा त्यांनी आरशात काय पाहिलं, ते मी विचारलेलं नाही. रस्त्यावर मला काय दिसलं, ते मीही त्यांना सांगितलेलं नाही. ते आज हे वाचतील.

माझ्यात एक गोष्ट मात्र बदलली. भर दुपारी दुकानासमोरच्या रस्त्यावरून कुणी म्हातारं माणूस एकटं, सावकाश जाताना दिसलं की मी काउंटर सोडून पायरीवर येते आणि हाक मारते. ओ येईपर्यंत मारत राहते. शेजारचा स्टेशनरीवाला हसतो, आणि ज्यांना हाक मारली तेही बरेचदा हसतात. हसले की मी आत जाते.

परवा एका आजींनी ओ दिली नाही. मी पळत जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांना ऐकायला येत नव्हतं, एवढंच. त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला, आणि मलाच विचारलं, "काय झालं गं बाळ? कुणाला शोधतीस?"